खेळाडूचं मन एकट्याचं नसतं

मोक्याच्या क्षणी खेळाडू हरला की आपल्याकडे निकाल ताबडतोब लागतो : ‘पोरगं तयारीचं होतं, पण मनानं कच्चं.’ टपरीवरच्या गप्पांपासून वाहिन्यांवरच्या चर्चेपर्यंत हे वाक्य फारसं बदलत नाही, कारण ते सगळ्यांच्या सोयीचं आहे. अंग कमावून देणं हे वस्तादाचं, शाळेचं, संघटनेचं, सरकारचं काम. मन मात्र ज्याचं त्यानं घरून घेऊन यायचं. पोरगं हरलं की बाकीचे हात झटकून मोकळे. हातातलं हे पुस्तक त्या मोकळ्या झालेल्यांना पुन्हा मैदानात बोलावतं, म्हणूनच त्याची प्रस्तावना लिहायला मी लगेच होकार दिला.

क्रीडा मानसशास्त्र हा विषय मराठीत अजून दोन टोकांना अडकलेला आहे. एका टोकाला बी.पी.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी काढलेली गाइडं. त्यांतल्या व्याख्या पाठ करायच्या आणि पाच गुणांसाठी चार मुद्दे लिहायचे. दुसऱ्या टोकाला ‘ठरवलं की जिंकता येतं’ असं व्यासपीठावरून ओरडून सांगणारे वक्ते. मधला सगळा मुलूख ओसाड पडला आहे, आणि खरे प्रश्न तिथेच आहेत. सरावात कधी न चुकणारा मुलगा सामन्यात का चुकतो? चौदाव्या वर्षी जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी सतराव्या वर्षी मैदानावर दिसत का नाही? आणि पन्नाशीत साखर वाढल्यावर ‘रोज चालायला जा’ असं डॉक्टरांनी बजावूनही माणूस आठवडाभरात बूट माळ्यावर का टाकतो? पहिला प्रश्न मानसशास्त्राचा, दुसरा समाजाचा, तिसरा आरोग्याचा, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. मैदानावर आयुष्य काढल्यावर मला मात्र वाटतं, की हे एकाच माणसाच्या तीन वयांतले प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाला आपल्या घरचं ताजं उदाहरण आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात पॅरिस ऑलिम्पिकचं कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. त्याच्या दहा महिने आधी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो अंतिम फेरीत आघाडीवर होता. उभ्या स्थितीतली एक गोळी घसरली आणि तो चौथा आला. टपरीवरच्या निकालपत्रात त्या दिवशी काय लिहिलं गेलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

पॅरिसच्या वेळी तो पात्रता फेरीत सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून मारलेल्या गोळ्यांनंतर सहावा, झोपून मारलेल्या गोळ्यांनंतर पाचवा, आणि मग उभं राहून तिसरा. गुण ४५१.४. तीन स्थितींपैकी उभी स्थिती सगळ्यांत अवघड. रायफलचं वजन अंगावर तोललेलं, टेकायला जमीन नाही, छातीचा ठोका नळीच्या टोकापर्यंत पोचतो. दहा महिन्यांपूर्वी ज्या स्थितीनं पदक नेलं, त्याच स्थितीनं ते परत दिलं. नंतर त्यानं पत्रकारांना जे सांगितलं ते फार साधं होतं. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं, धडधड होत होती, गुणफलकाकडे तो पाहत नव्हता आणि श्वासावर लक्ष ठेवून होता. भीती वाटली नाही, असं तो म्हणाला नाही. भीती होतीच. फक्त त्यानं लक्ष तिच्यावर ठेवलं नाही. निकाल आपल्या हातात नसतो, पुढचा श्वास असतो. क्रीडा मानसशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांतली पानंच्या पानं अखेर या एवढ्याशा गोष्टीभोवती फिरतात.

पण तो श्वास तरी त्याचा एकट्याचा होता का? वडील शिक्षक. २००९ साली त्यांनी मुलाला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. पुढे रेल्वेची नोकरी, म्हणजे महिन्याच्या पगाराची शाश्वती. प्रशिक्षक दीपाली देशपांडे, ज्या स्वतः ऑलिम्पिकला खेळून आलेल्या. आणि कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनचं विश्वविजेतेपद जिंकलं, तेव्हा हा मुलगा प्रबोधिनीत नवाच होता. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली ‘मला हे जमेल’ या विश्वासाची उगमस्थानं मांडली : स्वतः करून पाहिल्यावर आलेलं यश, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचा शब्द, आणि शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. नीट पाहिलं तर यातली मधली दोन दुसऱ्या माणसांकडूनच येतात. कांबळवाडीच्या मुलाला परदेशी विश्वविजेत्याचं पोस्टर जे देऊ शकत नाही, ते कोल्हापूरची तेजस्विनी देते.

प्रेक्षकांचं काय? या शास्त्राचा पहिला प्रयोग म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो माणसांच्या सोबतीचाच आहे. १८९८ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिपलेटनं सायकल शर्यतींच्या नोंदी चाळल्या आणि त्याला दिसलं, की एकट्यानं घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्यापेक्षा सोबत कोणी असलेला स्वार वेगानं जातो. मग त्यानं मुलांना गळाची चक्री फिरवायला लावली, एकदा एकट्यानं, एकदा दुसऱ्या मुलाच्या शेजारी. बऱ्याच मुलांचा वेग वाढला, पण काहींचा उलट बिघडला. हा बिघाड कशामुळे, याचं नेटकं उत्तर यायला १९६५ उजाडलं. रॉबर्ट झायन्सनं दाखवलं, की माणसं पाहत असली की अंगवळणी पडलेली क्रिया आणखी सफाईनं होते, आणि जी अजून कच्ची आहे ती आणखी कच्ची होते.

आपल्याकडच्या कुस्त्यांच्या मैदानात हे डोळ्यांनी पाहता येतं. हलगी कडाडत असते, निवेदक गावाचं आणि वस्तादाचं नाव पुकारतो, इनामाची रक्कम जाहीर होते आणि पोरगं शड्डू ठोकत लाल मातीत उतरतं. महिनाभर तालमीत ढाक, हा नवा डाव, घोटलेली असते. सरावात ती सहज लागते. इथे चारही बाजूंनी गर्दी, आणि जोडीदारानं मानेवर हात टाकताच याचे हात आपोआप लहानपणापासून मारलेल्या एकेरी पटाकडे जातात. ढाक कुठे गेली ते त्यालाही कळत नाही. घरी जाताना बाप चिडून म्हणतो, ‘महिनाभर शिकवून काय उपयोग?’ जाणता वस्ताद काही बोलत नाही. मोठं मैदान तोंडावर असताना तो नवा डाव सांगतच नाही; जुनाच घोटून घेतो. झायन्सचं नाव त्यानं ऐकलेलं नसतं, पण शिष्याचे हात त्यानं वर्षानुवर्षं पाहिलेले असतात. अशा वस्तादांना खाली बसवून शास्त्र शिकवण्याचा आव काही विद्यापीठीय मंडळी आणतात, तो मला आवडत नाही. शास्त्राचं काम इथे वेगळं आहे. वस्तादाच्या हाताला जे कळतं ते वाक्यात मांडायचं, म्हणजे त्याच्यामागून येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून चाचपडत बसायला नको.

गाइडांतल्या त्या प्रसिद्ध उलट्या ‘यू’ आकाराच्या आलेखाबद्दलही इथेच बोलून घेतो. ताण वाढला की कामगिरी आधी सुधारते आणि एका मर्यादेनंतर ढासळते, हा तो सिद्धान्त. यर्क्स आणि डॉडसन यांचा मूळ १९०८ चा प्रयोग उंदरांवरचा होता. खेळाडूंवर तो पुढे इतरांनी चिकटवला. ढोबळमानानं तो चालतो, पण कोणता ताण कोणाला किती, हे तो सांगत नाही. वेटलिफ्टरला पेटून उठणं परवडतं, तिरंदाजाला परवडत नाही. एकाच संघातल्या एका मुलीला सामन्याआधी गप्पा हव्या असतात, तर दुसरीला कोपरा हवा असतो. ज्या प्रशिक्षकाला हे ठाऊक नाही त्याला आलेख पाठ असून उपयोग नाही.

खो-खोचं उदाहरण देतो, कारण तो मला अधिक जवळचा. आठ जण चौकोनांत बसलेले, एक आड एक उलट्या दिशेला तोंड केलेले. नववा पळतीवर. पाठीवर हात पडला आणि ‘खो’ ऐकू आला, की मगच उठायचं. आता बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोरून बचाव करणारा हातभर अंतरावरून जातो. आपला आक्रमक मागे आहे, तो दिसत नाही. ‘मला उशीर होईल’ ही भीती ज्याच्या मनात आहे तो खो मिळायच्या आधीच ढुंगण उचलतो, आणि पंचांची शिट्टी वाजते. असा मुलगा आळशी नसतो, निष्काळजीही नसतो. उलट त्यालाच सगळ्यांत जास्त काळजी असते. त्याला ‘लक्ष दे’ म्हणून ओरडलं तर तो आणखी आधी उठतो. त्याला लक्ष कुठे द्यायचं ते सांगावं लागतं : डोळे समोर, कान मागे, आणि पाठीवर हात येईपर्यंत टाचांवर भार. एवढं सांगून तेच शंभरदा करून घेतलं की फाऊल कमी होतात. दडपणाखाली हातपाय गळणं हा स्वभावदोष नाही. लक्ष भलत्या ठिकाणी गेल्याची ती खूण आहे, आणि लक्ष शिकवता येतं.

हे शिकवणाऱ्यांना मैदानानं सहज आत घेतलं असं मात्र नाही. कोलमन ग्रिफिथनं १९२५ साली इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उघडली. पैशाअभावी ती काही वर्षांत बंद पडली. १९३८ साली शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकानं त्याला बोलावलं, तर संघाचा व्यवस्थापक त्याला जवळ फिरकू देईना. आपल्याकडेही ‘पुस्तकं वाचून कुस्ती येते होय?’ हा प्रश्न अजून ऐकू येतो. तरी महाराष्ट्राचं भाग्य असं, की इथे भीष्मराज बाम होते. पोलीस सेवेतले हे वरिष्ठ अधिकारी निवृत्तीनंतर नाशिकला राहून अखेरपर्यंत खेळाडूंबरोबर काम करत राहिले. नेमबाजांना त्यांचा विशेष आधार होता. योगातल्या एकाग्रतेच्या पद्धती त्यांनी अवडंबर न करता रेंजवर आणल्या. २०१७ साली ते गेले. त्यांच्यानंतर जिल्ह्याच्या पातळीवर असं काम करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, आणि ज्या वयात मनाची घडण होते ती मुलं नेमकी जिल्ह्याच्याच पातळीवर असतात.

दुसरा प्रश्न खेळ सोडण्याचा. त्यासाठी १९७३ सालचा एक प्रयोग सांगतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी चिकटी लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. मुलांनी चित्रं काढली, प्रशस्तिपत्रं घेतली. काही दिवसांनी पुन्हा रंग समोर ठेवले तेव्हा, काही न सांगता चित्रं काढलेल्या मुलांच्या तुलनेत, बक्षिसाच्या बोलीवर काढलेली मुलं रंगांकडे कमी वळली. जे आवडीचं होतं ते कामाचं झालं, आणि मोबदला थांबला तसं कामही थांबलं.

महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. मी या दोन्ही सवलतींच्या बाजूचा आहे. शेतमजुराच्या घरातून मुलीला मैदानावर पाठवायचं तर ‘याचा उपयोग काय?’ या प्रश्नाला उत्तर लागतं, आणि ते उत्तर या सवलती देतात. पण मार्चमध्ये परीक्षा संपली आणि जूनमध्ये मैदान ओस पडलं, हे दृश्य पाहिलं नाही असा क्रीडाशिक्षक दाखवा. गुण मिळाले, प्रमाणपत्राचं लॅमिनेशन झालं, खेळाचं काम संपलं. आई-बापांच्या तोंडी एकच वाक्य, ‘आता बास झालं, अभ्यासाला लाग.’ बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला येतात तेव्हा आपल्याला धक्का बसतो. खेळापेक्षा कागद मोठा, हे आपणच शिकवलेलं असताना धक्का कसला?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणूस एखादी गोष्ट टिकवून का करतो याचा पुढे बराच खोल विचार केला. त्यांच्या मते तीन गरजा भागाव्या लागतात : यात माझी मर्जी आहे असं वाटणं, मला हे थोडं थोडं जमतंय असं वाटणं, आणि इथली माणसं माझी आहेत असं वाटणं. या तिन्ही कसोट्या आपल्या शाळेतल्या पी.टी.च्या तासाला लावून पाहा. मर्जी कोणाची? सरांची. जमतं कोणाला? ज्यांना आधीच जमत होतं त्यांना. बाकीचे कडेला दप्तरं सांभाळतात. आणि आपलेपणा? संघ निवडताना दोन कप्तान एकेक नाव घेत जातात, आणि शेवटी उरलेल्या मुलाचं नाव कोणीच घेत नाही. तो न घेता ज्याच्या वाट्याला येतो त्याच्याकडे जातो. तोही मोठा होतो, त्यालाही पोट सुटतं, पण मैदान म्हटलं की त्याला आधी तो क्षण आठवतो.

त्यातही आपण एक भलताच उद्योग करून ठेवला आहे. आपल्या शाळांमध्ये व्यायाम ही शिक्षा आहे. गृहपाठ केला नाही, उठाबशा काढ. उशिरा आलास, मैदानाला पाच फेऱ्या मार. दंगा केलास, ओणवा उभा राहा. पळणं, वाकणं, उठणं-बसणं या शरीराच्या साध्या, आनंदाच्या हालचाली आपण दहा वर्षं अपमानाशी बांधून टाकतो. परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताच्या बाई मागून घेतात, म्हणजे तो तास फालतू आहे हेही वर्गाला समजतं. मग पन्नाशीत डॉक्टर जेव्हा ‘रोज अर्धा तास चाला’ म्हणतात, तेव्हा त्या माणसाच्या कानांवर औषध पडत नाही; शिक्षा पडते. आठवड्यात बूट माळ्यावर जातात ते म्हणूनच. या पुस्तकातल्या इतर कुठल्याही मुद्द्यावर माझ्याशी वाद घाला, या एका मुद्द्यावर मी ऐकणार नाही.

समाज म्हटल्यावर जात आणि पैसा या दोन गोष्टींना वळसा घालून चालत नाही. पळवणकर बाळू हे चांभार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात त्यांना खेळपट्टीची कामं होती, आणि तिथेच गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करता करता ते तयार झाले. हिंदूंच्या संघाला त्यांचे बळी हवे होते, म्हणून त्यांना संघात घेतलं. पण चहाच्या वेळी बाकीचे आत आणि बाळू बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा पीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच रीतसर मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. मानसिक कणखरपणा मोजायच्या प्रश्नावल्या आज बाजारात मिळतात. तंबूबाहेर बसून चहा प्यायचा आणि पुढच्या सत्रात त्याच लोकांसाठी चेंडू वळवायचा, याला किती गुण द्यायचे ते त्यांत लिहिलेलं नसतं.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्याला पाठ आहे, निदान तिचा सणासुदीला सांगायचा भाग. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला सहावा आला, तिथे पहिल्यांदा मॅटवर उभा राहिला, आणि १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. लोकवर्गणी झाली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथे एका कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना पुढच्या कुस्तीला उतरवलं गेलं, आणि हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी हजर नव्हता, असं सांगितलं जातं. तरीही कांस्यपदक आलं. अर्जुन पुरस्कार मात्र आला तो १९८४ साली अपघातात ते गेल्यानंतर, मरणोत्तर. त्यांच्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला २०२४ उजाडावं लागलं. मधली ७२ वर्षं इथली सगळीच पोरं मनानं कच्ची होती, असं मानायचं का? की घर गहाण ठेवणारे प्राचार्य प्रत्येकाच्या नशिबी नव्हते? सन्मानाला उशीर झालेले खाशाबा एकटे नाहीत. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ साल लागलं.

तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे आरोग्याकडे, येताना लंडनच्या दुमजली बसमध्ये चढावं लागतं. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली तिथल्या चालक-वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघे एकाच बसमध्ये, एकाच धुरात. चालक दिवसभर बसलेला. वाहक तिकिटं फाडत जिना चढतोय, उतरतोय, दिवसाला पाच-सातशे पायऱ्या. हृदयविकाराचं प्रमाण चालकांमध्ये स्पष्ट जास्त निघालं. मॉरिस तिथेच थांबले नाहीत. नोकरीला लागतानाच चालक जाडे असतील तर? म्हणून त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि विजारींची कमरेची मापं तपासली. चालकांच्या विजारी खरंच मोठ्या होत्या, तरुणांच्याही. म्हणजे कोण कुठली नोकरी धरतो हाही प्रश्न त्यात मिसळलेला. आपल्याच निष्कर्षाला असं खोदून पाहणारा माणूस मला फार आवडतो. व्यायामाच्या क्षेत्रात ही सवय दुर्मीळ झाली आहे. प्रोटीन पावडरीच्या डब्यावर तर ती औषधालाही सापडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं, असा आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार, एवढीही हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचं प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होतं, ते २०२२ पर्यंत ४९ टक्क्यांवर गेलं. पुरुषांत ४२, बायकांत ५७. या मोजणीत घरकामाचे आणि ये-जा करण्याचे श्रमही धरलेले असतात. ‘घरातलं सगळं करतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी तो आकडा पुन्हा वाचावा. सतराव्या वर्षी मैदानावरून गायब झालेली मुलगी त्या ५७ मध्ये आहे. तिला कोणी ‘खेळू नकोस’ असं सरळ सांगितलेलं नसतं. संध्याकाळी अंधाराच्या आत घरी ये, कपडे बदल, धाकट्याला बघ, पाहुणे येणार आहेत. एवढं पुरतं. भारतात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींवर असल्याचा आयसीएमआरच्या अभ्यासाचा अंदाज २०२३ साली आला, तो याच घरांतला आहे.

आणि खेळ म्हणजे आपोआप आरोग्य, या समजुतीलाही इथे थारा नाही. तालमीतून बाहेर पडलेला मल्ल पाहा. जोर-बैठका सुटतात, खुराक सुटत नाही. थंडाई, तूप, बदाम तेच, मेहनत शून्य. चाळिशीत गुडघे आणि साखर एकदमच दार ठोठावतात. स्पर्धात्मक खेळ शरीराला वापरून घेतो, कधी मोडतोही, आणि मनाचंही तेच. सिमोन बाइल्सनं टोकियोत २०२१ साली सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली, कारण हवेत गिरकी घेताना आपलं शरीर कुठे आहे याचं भान तिला राहत नव्हतं. तेव्हा जगभरच्या टपऱ्यांवर तोच निकाल लागला. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं तीन सुवर्णपदकं घेतली. मानेवर पडून जन्माचं अपंगत्व येण्यापेक्षा थांबणं शहाणपणाचं, हे तिला कळलं, आणि तिच्या संघानं ते मान्य केलं. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या जिल्हा स्पर्धेत एखादी मुलगी ‘आज माझं डोकं ठिकाणावर नाही, मी उतरत नाही’ असं म्हणाली तर तिच्या बाजूनं कोण उभं राहील?

पुस्तकातल्या काही गोष्टींशी मी सहमत नाही. उद्दिष्टं लिहून भिंतीला चिकटवण्यावर लेखकाचा जेवढा भर आहे तेवढा माझा नाही. भिंतीवरचा कागद दोन आठवड्यांत दिसेनासा होतो, हे आमच्या पिढीनं पुष्कळ पाहिलं आहे. शिवाय इथे उद्धृत केलेलं बरंचसं संशोधन अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या महाविद्यालयीन मुलांवरचं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांच्या, वर्षातले सहा महिने आजीजवळ राहणाऱ्या मुलाला ते किती लागू पडतं, हे इथल्या कोणी तरी मैदानावर उतरून तपासावं लागेल. लेखक हे मोकळेपणानं मान्य करतो, ही जमेची बाजू.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. प्रशिक्षकांनी एकाग्रतेवरची आणि दडपणावरची प्रकरणं सावकाश वाचावीत आणि एका वेळी एकच गोष्ट मैदानावर करून पाहावी. आई-बापांनी प्रेरणेवरचं प्रकरण सगळ्यांत आधी वाचावं, शक्यतो मुलगा नववीत जायच्या आत. मुख्याध्यापकांनी काही नाही वाचलं तरी चालेल, पी.टी.चा तास तेवढा कोणाला देऊ नये आणि उठाबशांची शिक्षा या जूनपासून बंद करावी. आणि ज्यांना केवळ पदकाचा हमखास मंत्र हवा आहे, त्यांनी हे पुस्तक विकत घेऊ नये. तो यात नाही.